खान्देशातल्या गावांचे इंटरनेट : तार कोणाची, टॉवर कोणाचा, दुरुस्ती कोणाची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या ग्रामपंचायती, केबल आणि इंटरनेटचा धंदा करणारे स्थानिक व्यावसायिक आणि गावातले ग्राहक यांच्यासाठी ही माहिती एकत्र केली आहे. आमचे स्पष्ट मत असे की, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तार कमी पडत नाही. तार ओढणाऱ्यांमधला करार कमी पडतो.

ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आले आहे. मग घरात नेट का नाही?

कारण ही वाट तीन तुकड्यांची आहे आणि तिन्ही तुकड्यांचे मालक बहुधा वेगळे असतात.

पहिला तुकडा म्हणजे मुंबई-सुरतेकडून जिल्ह्याच्या गावी येणारी मुख्य केबल. ती बीएसएनएल, जिओ, एअरटेल, रेल्टेल, पॉवरग्रिड अशांकडे असते. रेल्टेलची केबल रुळांच्या कडेने जाते, पॉवरग्रिडची अतिउच्चदाब मनोऱ्यांच्या सर्वांत वरच्या तारेच्या पोटातून. दुसरा तुकडा तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंतचा. भारतनेट मुख्यतः इथे आहे. तिसरा ग्रामपंचायतीपासून तुमच्या ओट्यापर्यंतचा, आणि नेमका तोच कोणी मनापासून अंगावर घेत नाही. मोठ्या कंपनीला पन्नास घरांसाठी माणूस ठेवणे परवडत नाही. गावातल्या केबलवाल्याकडे माणूस असतो, पण वरून घेतलेली बँडविड्थ, म्हणजे इंटरनेटची क्षमता, नसते. या दोघांची गाठ पडली की घरात नेट येते.

भारतनेट म्हणजे नेमके काय?

देशातली प्रत्येक ग्रामपंचायत फायबरने जोडण्याची ही केंद्राची योजना. ऑक्टोबर २०११ मध्ये ती 'राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क' या नावाने मंजूर झाली, २०१५ पासून तिला भारतनेट म्हणू लागले. दुसरा टप्पा २०१७ चा. त्यात महाराष्ट्राने काम स्वतःकडे घेतले, म्हणून आपल्याकडे 'महानेट' हे नाव ऐकू येते. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित कार्यक्रमाला १,३९,५७९ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. ग्रामपंचायती रिंगमध्ये जोडणे, इतर गावांना मागणीनुसार जोडणी देणे आणि स्थानिक उद्योजकांमार्फत दीड कोटी ग्रामीण घरांपर्यंत फायबर नेणे ही त्याची मुख्य कामे.

पैसा 'डिजिटल भारत निधी'तून येतो. पूर्वीचा सार्वत्रिक सेवा निधी तो हाच. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित सकल महसुलातले ५ टक्के त्यात जमा होतात. म्हणजे शहरातल्या रिचार्जचा एक छोटा हिस्सा धडगाव-मोलगीच्या वाटेला लागतो. म्हणून गावापर्यंत आलेली ही केबल कुणा एका कंपनीची मेहेरबानी समजू नका. तिच्यावर गावाचा हक्क आहे आणि तो मागता आला पाहिजे.

रिंग, रिंग म्हणतात ते काय?

जुन्या रचनेत तालुक्यापासून निघालेली केबल झाडाच्या फांदीसारखी गावागावांत जायची. मधे एक घाव बसला की पुढची सगळी गावे बंद. रिंगमध्ये प्रत्येक गावाला दोन बाजूंनी वाट असते. एक तुटली की डेटाची रहदारी आपोआप दुसरीकडून वळते.

पण कागदावरची रिंग आणि जमिनीवरची रिंग यांत फरक पडतो, आणि खान्देशात तो तापीमुळे पडतो. नदीच्या उत्तरेला रावेर-यावल-चोपडा-शिरपूर-शहादा-तळोदा असा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता. दक्षिणेला भुसावळ-जळगाव-अमळनेर-दोंडाईचा-नंदुरबार-नवापूर असा सुरतेचा लोहमार्ग. या दोन समांतर वाटा म्हणजे रिंगचे आयते दोन हात. त्यांना जोडायचे तर नदी ओलांडावी लागते, आणि पूल मोजकेच आहेत.

शहाद्यासाठी एक हात प्रकाशाच्या पुलावरून आणि दुसरा सारंगखेड्याच्या पुलावरून नेला, तर ती खरी रिंग. दोन्ही केबली एकाच पुलाच्या एकाच पाइपातून नेल्या, तर नकाशात रिंग दिसेल, पण पुराच्या किंवा पूल दुरुस्तीच्या दिवशी सगळा तालुका एकदम जाईल. एका चरात शेजारीशेजारी पुरलेल्या दोन केबलींचेही तेच. जेसीबीचा एक दात दोन्ही तोडतो.

एका कंपनीला दोन्ही हात बांधणे महाग पडते. इथेच सहकार्याचा खरा फायदा आहे : उत्तरेची केबल एकाची, दक्षिणेची दुसऱ्याची, आणि दोघांनी एकमेकांना दोन-दोन कोअर (केबलीतले फायबरचे धागे) अदलाबदलीने द्यायचे. पैशाची देवाणघेवाण जवळजवळ शून्य, आणि दोघांचीही रिंग पूर्ण.

ग्रामपंचायतीतली पेटी बंद पडली आहे. आम्ही काय तपासावे?

या क्रमाने पाहा.

१. वीज. पेटीचा प्लग चालू आहे का? सुट्टीच्या दिवशी कुलूप लावताना मेन स्विच बंद करणे हे सर्वांत जास्त आढळणारे कारण आहे. पेटीला स्वतंत्र एमसीबी द्या आणि त्यावर 'बंद करू नये' असे लिहा.

२. बॅटरी. ओएनटी (पेटीतले, फायबरच्या टोकाला लागणारे यंत्र) साधारण १० वॉट खाते. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची चांगली बॅटरी तिला पाच-सहा तास चालवते. दोन उन्हाळे काढलेली बॅटरी तासाभरातही मान टाकते. सौर पॅनेल असेल तर त्यावरची धूळ पुसा.

३. दिवे. 'पॉन' दिवा स्थिर हिरवा असेल तर प्रकाश येतो आहे. 'लॉस' लाल लुकलुकत असेल तर फायबर तुटले आहे, वाकले आहे किंवा कनेक्टर सैल आहे.

४. पॅचकॉर्ड, म्हणजे यंत्राला जोडलेली फायबरची छोटी तार. कपाटाच्या दारात चेपलेली, उंदराने कुरतडलेली किंवा फार घट्ट गुंडाळलेली कॉर्ड शोधा. फायबरचा वेढा तीन सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा लहान करू नका.

५. दोन्ही दिवे ठीक आणि तरी नेट नाही, तर बिघाड वरच्या टोकाला आहे. पेटीवरचा अनुक्रमांक सांगून तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

फायबरच्या टोकाकडे डोळा लावून पाहू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

एका पोर्टवरून किती घरे चालतील, किती लांब?

हिशोब प्रकाशाचा आहे आणि तो डेसिबलमध्ये करायचा. जीपॉनच्या (एका फायबरवर अनेक घरे चालवण्याच्या पद्धतीच्या) नेहमीच्या 'बी प्लस' वर्गात एकूण २८ डीबीपर्यंत घट चालते. समजा ओएलटीतून (वरच्या टोकाच्या यंत्राच्या एका पोर्टमधून) +३ डीबीएम ताकदीचा प्रकाश निघतो, गाव ८ किलोमीटरवर आहे आणि वाटेत आधी १:४, मग १:८ असे प्रकाश वाटणारे स्प्लिटर आहेत, म्हणजे ३२ घरे.

१:४ ची घट सुमारे ७.२, १:८ ची १०.५. आठ किलोमीटर केबलची ०.३५ प्रमाणे २.८. सहा जोडांची ०.१ प्रमाणे ०.६. चार कनेक्टरांची ०.५ प्रमाणे २. एकूण २३.१ डीबी. घरी पोचतात −२०.१ डीबीएम. ओएनटी साधारण −२७ पर्यंत वाचते, पण −२४ च्या खाली गेलेली जोडणी आम्ही पास करणार नाही.

कारण पुढचे आयुष्य. केबल एकदा तुटली की मधे तुकडा घालून दोन जोड वाढतात. नीट मारलेला जोड ०.१ खातो, घाईत धुळीत मारलेला ०.५. दहा वेळा तुटलेल्या केबलीत सुरुवातीची शिल्लक कधीच संपलेली असते. मग पावसाळ्यात, जोडपेटीत ओल शिरली की शेवटची चार-पाच घरे आधी बंद पडतात आणि ग्राहक राउटर बदलत बसतो.

आणखी एक चूक वरचेवर दिसते : हिरव्या टोपीचा कनेक्टर निळ्या अडॅप्टरमध्ये घालणे. हिरव्याचे टोक तिरके घासलेले असते, निळ्याचे सरळ. बसतात छान, पण मधे फट राहते आणि कित्येक डीबी तिथेच जातात.

आम्ही गावातले केबलवाले. इंटरनेट द्यायला परवाना लागतो का?

स्वतःच्या नावावर द्यायचे तर हो. प्रचलित परवाना पद्धतीत 'अ' वर्ग देशभरासाठी, 'ब' दूरसंचार मंडळासाठी (साधारण राज्याएवढे क्षेत्र) आणि 'क' साधारण जिल्ह्याएवढ्या क्षेत्रासाठी आहे. ज्याला तेवढा व्याप नको, त्याने परवानाधारक कंपनीचा भागीदार व्हावे. बीएसएनएल आणि रेल्टेल दोघेही स्थानिक भागीदारांमार्फत घरगुती फायबर देतात आणि महसुलाचा वाटा देतात; भारतनेटमध्येही गावपातळीवरच्या उद्योजकांसाठी अशीच सोय आहे. परवाना नसताना एक घरगुती जोडणी घेऊन ती वीस घरांत वाटणे बेकायदा आहे. त्यातून कोणी गैरकृत्य केले तर पोलीस तुमच्याच दारात येतील.

भागीदारीच्या करारात काय लिहून घ्यावे?

बहुतेक भांडणे इथल्या ढिलाईतून होतात, म्हणून जरा सविस्तर.

सगळ्यात आधी सीमा. 'या पॅच पॅनेलच्या (केबली जोडण्याच्या पट्टीच्या) या पोर्टपर्यंत तुमचे, पुढे आमचे' असे एका वाक्यात आणि फोटोसह. सीमा ठरली नसेल तर फायबर कट झाल्यावर दोन्ही माणसे एकमेकांना फोन करत बसतात आणि गाव दोन दिवस बंद राहते.

त्या पॅनेलची किल्ली कोणाकडे, हेही लिहा. रात्री अकराला ग्रामपंचायतीचे कुलूप कोण उघडणार? एक किल्ली शिपायाकडे आणि दुसरी स्थानिक व्यावसायिकाकडे, सहीच्या नोंदवहीसह.

मग वेळ. मुख्य केबल तुटली तर किती तासांत जोडायची, सातपुड्यातल्या पाड्यांसाठी किती, पावसाळ्यात किती, हे वेगवेगळे ठरवा. अक्राणीच्या डोंगरात पावसाळ्यात चार तासांचे वचन देणारा ते पाळू शकत नाही, आणि न पाळता येणारे वचन करारात असले की बाकीची कलमेही कोणी मनावर घेत नाही.

प्रत्येक दुरुस्तीनंतर ओटीडीआरचा (केबलीत कुठे किती घट होते ते मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख एकमेकांना द्यायचा. त्यावरून कोणता जोड किती खातो आणि पुढचा बिघाड कुठे येईल हे कळते. जोडपेटीत कोणत्या रंगाचा कोअर कोणाचा, हे निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी या ठरलेल्या क्रमाने लिहून तो कागद प्लास्टिकमध्ये घालून पेटीतच ठेवा. दोन कोअर राखीव ठेवा. ते विकण्याचा मोह होतो, विकू नका.

पेटीच्या विजेचे बिल कोणाच्या नावावर, सेवेचे दर किती महिन्यांनी फेरतपासायचे आणि करार संपला तर ग्राहकांचे काय, ही तीन कलमेही हवीतच.

वरून बँडविड्थ किती घ्यावी?

४०० घरांना ५० एमबीपीएसची योजना विकली, म्हणून २० जीबीपीएस घ्यायची गरज नसते. सगळे एकाच क्षणी पूर्ण वेग वापरत नाहीत. रात्री आठ ते अकरा ही गर्दीची वेळ. तेव्हा घरामागे सरासरी २ ते ३ एमबीपीएस धरले तर ४०० घरांना साधारण १ जीबीपीएस पुरते. क्रिकेटचा मोठा सामना असेल त्या रात्री हे गणित मोडते. आलेख पाहा : गर्दीच्या वेळी वापर ८० टक्क्यांवर जाऊ लागला की वाढीव क्षमता मागवा. शंभर टक्क्यांवर रेष सपाट झाली असेल, तर उशीर झाला आहे.

जळगावातून शेजारच्या ग्राहकाला पाठवलेला डेटा मुंबईला का जातो?

दोघांच्या कंपन्या वेगळ्या आणि त्या एकमेकींना भेटतात मुंबईत. भारतात ही भेट घडवण्यासाठी 'निक्सी' हे देवाणघेवाण केंद्र २००३ मध्ये सुरू झाले. लहान पुरवठादार अशा केंद्रावर जोडला गेला की देशातल्या देशातल्या रहदारीसाठी महाग ट्रान्झिट (मोठ्या कंपनीकडून विकत घेतलेली वाट) कमी लागते. चारशे किलोमीटर जाऊन परत येण्याची फेरी प्रकाशाला काही मिलिसेकंदांचीच, त्यामुळे ग्राहकाला ती जाणवत नाही. जाणवतो तो मधल्या केबलीचा खर्च. म्हणून जिल्ह्यातल्या चार-पाच लहान पुरवठादारांनी मिळून मुंबईपर्यंत एकच मोठी क्षमता घ्यावी. व्हिडिओ कंपन्यांचे कॅशे सर्व्हरही (नेहमी पाहिले जाणारे व्हिडिओ जवळ साठवणारे) पुरेशी रहदारी असलेल्यालाच मिळतात. एकट्याची भरत नाही, एकत्रितपणे भरू शकते.

आमच्याकडे केबल इतकी का तुटते?

कारणे तालुक्यागणिक बदलतात.

काळ्या कसदार जमिनीत उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात आणि पावसात तीच जमीन फुगते. उथळ पुरलेला पाइप वर येतो आणि जोड ताणले जातात. मातीत १.६५ मीटर खोली हे प्रमाण आहे. सातपुड्याच्या काळ्या पाषाणात तेवढे खोदता येत नाही. तिथे कमी खोलीवर लोखंडी पाइप टाकून वर काँक्रीट घालावे लागते. ठेकेदाराने तेवढे टाळले की पहिल्याच पावसात केबल उघडी पडते.

रावेर-यावल भागात केळीच्या ट्रकांनी आणि शहाद्याकडे उसाच्या ट्रॉल्यांनी लोंबती केबल ओढली जाते. रस्ता ओलांडताना केबल निदान साडेपाच-सहा मीटर उंच ठेवा आणि ती मे महिन्यात मोजा, कारण उन्हात झोळ वाढतो. बांध जाळताना खांबाजवळचे गवत आधी काढा. जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो; अशा वेळी पत्र्याच्या बंद पेटीत ओएलटी ठेवली तर ती स्वतःला बंद करून घेते. पेटी सावलीत, पंखा आणि जाळीसह.

जेसीबीसाठी 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप मार्च २०२३ पासून आहे. खोदणाऱ्याने जागा नोंदवली की त्या भागातल्या केबल-पाइपलाइन मालकांना सूचना जाते. ग्रामपंचायतीने नळ योजनेच्या किंवा गटारीच्या कामाच्या आदेशातच ही नोंद बंधनकारक करावी.

महावितरणच्या खांबांवरून केबल नेता येते का?

परवानगी घेऊनच. धातू नसलेली केबल वापरा, विजेच्या तारांच्या खाली ठरवून दिलेले अंतर राखा आणि लाइन बंद करून घेतल्याशिवाय कोणालाही खांबावर चढवू नका. सार्वजनिक जागेतल्या खोदाई-खांबांचे अर्ज 'गतिशक्ती संचार' पोर्टलवरून करायचे असतात. मार्गाधिकाराचे (तार-खांब नेण्याच्या परवानगीचे) नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत.

वनजमिनीतून तार न्यायची आहे. अनेक वर्षे लागतात म्हणतात?

लागतीलच असे नाही. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये शाळा, अंगणवाडी, रस्ते अशा १३ सार्वजनिक सुविधांची यादी आहे आणि तिच्यात वीज व दूरसंचाराच्या तारा स्पष्ट लिहिल्या आहेत. अट अशी : प्रत्येक प्रकरणात एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. अक्कलकुवा, अक्राणी, किंवा चोपडा-यावल-रावेरच्या डोंगरपट्ट्यात हाच मार्ग आधी पाहावा.

ठरावात मोघम 'इंटरनेटसाठी परवानगी' असे लिहू नका. गट किंवा कंपार्टमेंट क्रमांक, चराची लांबी-रुंदी आणि त्यावरून निघणारे क्षेत्रफळ लिहा. अर्धा मीटर रुंद आणि ४ किलोमीटर लांब चर म्हणजे २,००० चौरस मीटर, फक्त ०.२ हेक्टर. हा आकडा ठरावात असला की फाइल परत येण्याचे एक मोठे कारण संपते. टॉवरचा प्रस्ताव वेगळा करा.

गावात एकाच कंपनीचा टॉवर आहे. दुसऱ्या कंपनीचे सिम चालेल का?

सरकारी निधीतून उभ्या केलेल्या ४जी टॉवरांवर चालू शकते. १७ जानेवारी २०२५ रोजी अशा टॉवरांवर मंडळांतर्गत रोमिंगची सोय सुरू झाली : बीएसएनएल, एअरटेल, जिओ यांचे ग्राहक एकाच टॉवरवरून सेवा घेऊ शकतात. देशभरातल्या सुमारे २७,८३६ टॉवर-ठिकाणांसाठी हे ठरले. तीन कंपन्यांनी एका डोंगरावर तीन मनोरे बांधण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचे आहे.

फोनमध्ये 'नेटवर्क आपोआप निवडा' आणि 'डेटा रोमिंग' चालू ठेवा. बोलण्यासाठी व्होएलटीई (४जीवरून कॉल करण्याची सोय) सुरू हवे. बीएसएनएलचे ४जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर आहे; ७०० साठी फोनमध्ये 'बँड २८' लागतो आणि काही जुन्या फोनांत तो नसतो. शेजाऱ्याला रेंज आणि तुम्हाला नाही, तर आधी हे पाहा.

नर्मदाकाठी फोन गुजरात किंवा मध्य प्रदेशचा टॉवर पकडतो. त्याने बिघडते काय?

दूरचा टॉवर रेंजच्या काड्या दाखवतो, पण फोनचा परतीचा आवाज तिथे पोचत नाही, म्हणून कॉल लागून तुटतो. तात्पुरता उपाय : नेटवर्क हाताने निवडा. कायमचा उपाय आपल्या बाजूला टॉवर, आणि त्यासाठी मायक्रोवेव्ह दुव्याला अडथळा नसलेली सरळ नजर लागते. जागा सुचवताना दोन ठिकाणी उभे राहून पाहा : पाड्यातून आणि तिथल्या सर्वांत उंच टेकडीवरून.

पीएम-वाणी आमच्या चहाच्या टपरीवर करता येईल?

हो. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या सार्वजनिक वाय-फायच्या या योजनेत दुकानदाराला परवाना लागत नाही आणि नोंदणी शुल्कही नाही. साधी फायबर जोडणी घ्या, नोंदणीकृत एकत्रीकरण संस्थेशी जोडून घ्या, तिचे मान्य वाय-फाय उपकरण लावा आणि छोटी कूपने विका. पूर्वी अडचण दराची होती; कंपन्या दुकानदाराला महाग लीज्ड लाइन (राखीव व्यावसायिक जोडणी) घ्यायला सांगायच्या. दूरसंचार नियामक 'ट्राय'च्या जून २०२५ च्या आदेशानुसार २०० एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती फायबर योजना अशा दुकानदाराला घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त दराने देता येत नाहीत. बसस्थानक, आठवडे बाजार, आश्रमशाळेचा परिसर या जागा चांगल्या. जिथे लोक पाच मिनिटेच थांबतात, तिथे हा धंदा चालत नाही.

उपग्रहावरचे इंटरनेट येणार, मग फायबर कशाला?

नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्टारलिंकशी इरादापत्र केले आणि त्यात नंदुरबारचे नाव आहे. रस्ताही नीट नसलेल्या पाड्यावरच्या आरोग्य उपकेंद्राला किंवा शाळेला ते उपयोगी पडेल. पण हजार घरांच्या गावाला फायबरच स्वस्त आणि भरवशाचे. दोन्ही ठेवणे सर्वांत चांगले : रोजची रहदारी फायबरवर, आणि ते तुटले की उपकेंद्राची जोडणी उपग्रहावर.

तक्रार कुठे करावी?

आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात, आणि डॉकेट (तक्रार) क्रमांक घ्याच. त्याशिवाय पुढचे दार उघडत नाही. समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे. त्यानंतर केंद्राच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. जिल्हाभर सेवा २४ तासांहून जास्त बंद राहिली तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेडला मुदतवाढ देण्याची तरतूद २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांत आहे.

ग्रामपंचायतीची तक्रार असेल तर बंद पडल्याची तारीख, वेळ, दिव्यांची स्थिती आणि पेटीचा अनुक्रमांक अशा चार रकान्यांची वही ठेवा. तीन महिन्यांच्या नोंदी जोडलेल्या अर्जाला 'नेट नेहमी बंद असते' या अर्जापेक्षा लवकर उत्तर मिळते.